गॅरेजची दोन बटणं

आमच्या घरात मोटारीच्या इंजिनाला हात लावणारा मी पहिला. वडील लोणीच्या माळावर मेंढरं राखायचे, त्यांच्या वडलांनीही तेच केलं. पुढं मेंढरं कमी झाली, थोडी जिराईत होती तिच्यात दोघा भावांचं भागेना, म्हणून मी मराठी चौथी झाल्यावर जुन्नरला आलो आणि गावोगाव उतारू नेणाऱ्या एका मोटार सर्व्हिसच्या गॅरेजात लागलो. आधी गाड्या धुतल्या, मग चाकं काढली, मग मोटारीखालच्या खड्ड्यात उतरून तेल बदललं. आठ वर्षांनी मी इंजिन उतरवून, खोलून, परत बसवून चालू करून देत होतो. लोक मला मिस्त्री म्हणत. लोणीला गेलो की वडील चारचौघांत सांगत, "आमचा थोरला मोटारीचा मिस्त्री हाय." मोटार म्हणजे काय हे त्यांना धड सांगता आलं नसतं, पण मिस्त्री हा शब्द ते सावकाश, चव घेऊन उच्चारायचे.

लढाईच्या आधीची ही गोष्ट. आमचं गॅरेज म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड होती. पुढच्या भागात तीन सर्व्हिस मोटारी उभ्या राहायच्या, तो गॅरेजचा भाग. मागच्या भागात भाता, ऐरण, लांब टेबल, हत्यारं आणि खड्डा, तो कारखाना. मध्ये भिंत नव्हती. लोखंडी खांबांची एक रांग होती, आणि त्या खांबांवर छपराच्या लोखंडी कैच्या बसवलेल्या. त्या रांगेपाशी एक पोतं अंथरून चाचा बसायचे. चाचा म्हणजे मोटारींच्या गाद्या आणि हूड शिवणारे म्हातारे कारागीर, जुन्नरचेच. त्यांचे वडील घोड्यांची खोगिरं शिवायचे. घोडे कमी झाले तसे चाचा मोटारीच्या गाद्यांकडं वळले. मी मेंढरांतून आलो, ते खोगिरांतून, त्यामुळं आमचं पटायचं. दुपारची भाकरी आम्ही शेजारी बसून खायचो.

गावात तेव्हा वीज नव्हती. आमच्या मालकांनी मुंबईहून एक जुनं तेलाचं इंजिन आणि डायनॅमो आणून शेडच्या मागं बसवला होता. त्यावर विजेचे नऊ गोळे जळायचे, पाच गॅरेजात, चार कारखान्यात. लोक सुरुवातीला मुद्दाम बघायला यायचे. पण नऊ गोळ्यांना मिळून बटण एकच. कारखान्याला खिडकी नसल्यामुळं आम्हांला दिवसासुद्धा उजेड लागायचा, आणि आमच्यासाठी बटण दाबलं की पुढं मोकळ्या गॅरेजातले पाच गोळेही जळत बसायचे. इंजिनात तेवढा जोर नव्हता. सगळे गोळे पिवळे पडायचे, आणि मी खड्ड्यात आंधळ्यासारखा बोटांनी नट चाचपायचो.

मीच मालकांना म्हणालो, "मालक, गॅरेजचं बटण येगळं आन् कारखान्याचं येगळं करून घ्या. पुढचे पाच बंद ठेवले तर मागं चांगला उजेड पडंल."

ते हं म्हणाले. महिनाभरानं तीच गोष्ट त्यांनी मला स्वतःची कल्पना म्हणून सांगितली, मी पण हं म्हणालो. त्या कामासाठी त्यांनी पुण्याहून आपल्या भाच्याला बोलावलं. भाचा विजेचं काम शिकला होता, निदान तसं सांगत होता. वीस-बावीसचा, नीटनेटका, बोलायला गोड. त्यानं वर चढून तारा बघितल्या, खाली उतरून पट्टीनं अंतरं मोजली आणि म्हणाला, "दोन दिवस लागतील." दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागला आणि दुपारच्या जेवणाआधी मोकळा झाला. भिंतीवरच्या लाकडी फळीवर आता दोन काळी बटणं होती. डावं गॅरेजचं, उजवं कारखान्याचं. मालकांनी स्वतः डावं बटण खाली केलं, पुढचे पाच गोळे विझले, मागचे चार लखलखले. सगळ्यांनी वाहवा केली. मी पण केली, आणि ती मनापासून होती. त्या दिवशी खड्ड्यात उतरलो तेव्हा मला पहिल्यांदा इंजिनाच्या पोटातला गंज दिसला.

मालकांनी भाच्याला ठेवून घेतलं. इंजिन, डायनॅमो आणि हिशेबाचं टेबल त्याच्याकडं दिलं.

श्रावणातली गोष्ट. तीन दिवस झिमझिम थांबली नव्हती, शेडमधली जमीन ओली, आमचे कपडे ओले. गॅरेजातला मधला गोळा लुकलुकायला लागला होता. मालक म्हणाले, "मिस्त्री, त्याचा होल्डर ढिला झालाय, बघ जरा." मागं कारखान्यात काम चालू होतं म्हणून इंजिन बंद करायचं कारण नव्हतं. दोन बटणं केली ती त्यासाठीच की. मी फळीपाशी गेलो, डावं बटण खाली केलं. पुढचे पाचही गोळे विझले. हे मी आज लिहितोय ते मला आज आठवतंय म्हणून नाही, तर नंतर जे कळलं त्यावरून ते तसंच असणार म्हणून. मधली कित्येक वर्षं मला ते आठवत नव्हतं. ते का, हे पुढं येईलच.

खाली उभ्या असलेल्या मोटारीच्या टपावर मी चढलो. तोल सांभाळायला डाव्या हातानं वरची लोखंडी कैची धरली. उजव्या हातानं गोळा काढून खिशात टाकला आणि होल्डरचं टोपण फिरवून आतल्या तारेला बोट लावलं.

पुढचं मी कितीदा सांगायचा प्रयत्न केला, कुणाला समजलं नाही. दुखलं असं म्हणता येत नाही. कुणीतरी माझ्या दोन्ही हातांना धरून आतून पिळून काढतंय असं वाटलं. हात सोडवायचा म्हणून मी जोर करत होतो आणि तो अधिकच आवळत होता. ओरडलो असेन, पण मला ऐकू आलं नाही. मग पाय टपावरून निसटले आणि माझ्या वजनानं हात सुटला. मी उजव्या कोपरावर पडलो. खाली पडल्यावर वर बघितलं तर बाकीचे चार गोळे जळत होते. ते मात्र मला स्वच्छ आठवतं. ते चार पिवळे गोळे माझ्या डोळ्यांपुढून पुढं कधी गेलेच नाहीत.

माणसं धावत आली. मालक आले. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग वर, मग फळीकडं. डावं बटण वर होतं, चालू.

"अरे, बटण बंद न करताच चढलास?"

"न्हाई मालक, केलं व्हतं."

"हे बघ, चालू आहे."

भाचा फळीपाशीच उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

सरकारी दवाखान्यात हात बांधून दिला. हाड सरकलेलं होतं, म्हणून बायकोनं मला तिच्या माहेरी, बोरी बुद्रुकला नेलं. तिथं एक हाडवैद्य होते. बांबूच्या कामट्या, अंड्याचा बलक आणि कसला तरी पाला लावून त्यांनी हात बांधला. हाड जुळलं. पण कोपर सरळ होईना, आणि शेवटची दोन बोटं मिटेनात. पान्हा धरायला ती दोन बोटंच लागतात. अंगठा आणि पहिलं बोट पान्हा नुसता धरतात, जोर मागची बोटं देतात. हे मला तोवर माहीतच नव्हतं.

बोरीला मी सव्वा महिना राहिलो. बायकोला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मी बटन बंद केलं व्हतं." ती म्हणाली, "मग केलंच आसंल की. तुमी काय येडं हाय का?" तिच्या आवाजात शंका नव्हती.

पंधराव्या दिवशी चाचा आले. नारायणगावापर्यंत आमच्याच मोटारीनं आणि तिथून पुढं चिखलातून पायी. गुडघ्यापर्यंत माखले होते. सासूनं पाणी दिलं, ते पाय धुऊन माझ्या खाटेशी बसले.

"भाऊ," ते म्हणाले, "मी मालकाला सांगितलंय. बत्ती इझली व्हती. मी सुईत दोरा घालत व्हतो, आन् एकदम माझ्या पुढचा उजेड गेला. मी मान वर करून बघितलं. पाची बत्त्या इझलेल्या. तू टपावर चढत व्हतास. मी सोता बघितलं."

"मग मालक काय म्हणले?"

"म्हणले, चाचा, तुमची नजर आता कुठं राह्यलीय." चाचा हसले, पण ते हसणं धड नव्हतं. "नजर कमी हाय, कबूल. सुई दिसत न्हाई. पर उजेड हाय का अंधार हाय, तेवढं तर दिसतं का न्हाई?"

"बटन चालू कसं काय झालं मग?"

"तू पडल्यावर अंधार व्हता. कुनीतरी उजेडासाठी दाबलं आसंल. लई गोंधळ व्हता राव. पर तू पडायच्या आदी बंदच व्हतं. मी कुठं बी सांगीन. मशिदीत सांगीन, कचेरीत सांगीन."

मी त्यांचा हात डाव्या हातानं धरला. ते भाकरी खाऊन गेले. बटण बंद असताना तारेत वीज कुठून आली, हा प्रश्न ना मला पडला, ना त्यांना. आम्हांला विजेतलं एवढंच कळायचं की दिवा विझला म्हणजे वीज गेली.

सव्वा महिन्यानं मी जुन्नरला परतलो. मालकांनी मला बाजूला बोलावलं, खुर्ची दिली. खुर्ची कधी दिली नव्हती.

"मिस्त्रीकीचं काम आता तुझ्याच्यानं होणार नाही," ते म्हणाले. "पण मी तुला काढणार नाही. डिंगोऱ्याच्या गाडीवर जा, तिकिटं फाड, माल चढव-उतरव बघ. जन्मभर ठेवीन. फक्त एक कर. उद्या सकाळी सगळी माणसं जमतील, तेव्हा सांग की तुझी चूक झाली, तू बटण बंद केलं नव्हतंस. बाकीच्यांना धडा बसेल. आणि तो म्हातारा गावभर काय काय बोलत फिरतोय, तेही थांबेल."

"पन मालक, मी बंद केलं व्हतं."

"तुला खात्री आहे?"

"हाय."

"मग चालू कसं होतं?"

बाहेर गाडीला हँडल मारायचा आवाज येत होता. मी माझ्या हाताकडं बघितलं. लोणीला जाऊन या हातानं काय करणार होतो? नांगर धरता आला नसता. मेंढरं राखायला हात लागत नाही म्हणतात, पण मेंढरंही विकून झाली होती. बायकोला तिसरा महिना होता. मी म्हणालो, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा-तेरा माणसं शेडमध्ये उभी होती. भाचा हिशेबाच्या टेबलाशी खाली मान घालून कागद उलटत होता. चाचा आपल्या पोत्यावर बसले होते, दाभण हातात. मी म्हणालो, "माझी चूक झाली. मी बटन बंद केलं न्हवतं. तुमी सगळे जपून ऱ्हावा." एवढंच. तीन वाक्यं.

माणसं आपापल्या कामाला गेली. दोघांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, कबूल केलंस हे मोठं काम. मी चाचांकडं गेलो. ते माझ्याकडं बघत नव्हते, गादीच्या कापडाला टाका घालत होते.

"चाचा," मी म्हणालो, "नाइलाज व्हता."

त्यांनी टाका ओढून घट्ट केला. "मी चिखलातनं बोरीला आलो," ते हळू आवाजात म्हणाले. "मालकाच्या तोंडावर बोललो. आजवर त्याच्या तोंडावर कुनी बोललं न्हवतं. आन् तू मला समद्यांच्या पुढं खोटा पाडलास."

"तुमाला कोन खोटं म्हणतंय?"

"तू म्हणलास. आत्ता."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. दुपारची भाकरी ते आपल्या पोत्यावर, मी बाहेर मोटारीच्या पायरीवर. दोन-तीनदा मी जाऊन बसलो, तर ते उठून नमाजाला निघून गेले. सहा महिन्यांनी त्यांनी काम सोडलं आणि मंचरला लेकीकडं राहायला गेले. जाताना सगळ्यांना भेटले. मी त्या वेळी डिंगोऱ्याच्या गाडीवर होतो. त्यांनी वेळ बघूनच निरोप घेतला असं मला वाटतं.

माझ्या बायकोला ती कबुली बाजारात कुणाकडून तरी कळली. संध्याकाळी मी घरी आल्यावर तिनं विचारलं, "मला तर म्हणला व्हता, बंद केलं व्हतं."

खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं की मालकानं बोलायला लावलं. पण मला लाज वाटली. मालकाच्या खुर्चीवर बसून आपण खोटं बोलायला कबूल झालो, हे बायकोला सांगण्यापेक्षा आपण विसरलो हे सांगणं मला सोपं वाटलं. मी म्हणालो, "आठवत न्हाई मला नीट. राह्यलं आसंल."

तिनं चूल पेटवायला घेतली. पण त्या दिवसापासून मी दाराला कडी लावली की ती उठून कडी हलवून बघायची. मी चुलीतली लाकडं विझवली की ती पुन्हा पाणी मारायची. मुलगी झाली, तिला मी मांडीवर घेतली की ती काम सोडून जवळ येऊन बसायची. भांडण कधी केलं नाही तिनं. नुसती माझ्या मागून येऊन बघायची.

आणि मग माझं मलाच काही कळेना. ज्या सकाळी मी बोललो, त्या सकाळी मला पक्कं माहीत होतं की आपण खोटं बोलतोय. वर्षभरानं तेवढं पक्कं राहिलं नव्हतं. दोन वर्षांनी मी डोळे मिटून ते आठवायला बसलो की मला मी फळीपाशी न जाता सरळ मोटारीकडं जाताना दिसायचो. जे घडलंच नव्हतं ते मला दिसायला लागलं, रंगासकट. वर जळणारे चार गोळे तर खरेच होते. मग बाकीचंही तसंच असणार. तिकिटं दिली तरी मी उतारू पुन्हा मोजायचो. टपावरच्या मालाची दोरी बांधून झाली की दहा पावलं जाऊन परत यायचो, गाठ ओढून बघायचो. ड्रायव्हर ओरडायचा, "आरं चल की बाबा, बसलीया गाठ!" उतारू हसायचे. गाडीवर माझं नावच पडलं होतं, ते इथं लिहीत नाही.

अपघातानंतर गॅरेजात एक नवा नियम झाला होता. कुठलाही गोळा बदलायचा तर आधी इंजिनच बंद करायचं, मग हात लावायचा. नियम भाच्यानं काढला. आम्हांला वाटलं, पोरगा जबाबदार आहे. दोन बटणं असून इंजिन का बंद करायचं, असं तेव्हा कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

लढाई सुरू झाली. पेट्रोल मिळेना. दोन गाड्या उभ्या राहिल्या, तिसरी कोळशाच्या गॅसवर कशीबशी वर्षभर चालली आणि मग तीही थांबली. भाचा पुण्याला लष्कराच्या कुठल्या तरी कामावर गेला. मालकांनी गाड्या विकून टाकल्या आणि शेड इंजिन-डायनॅमोसकट एका पिठाच्या गिरणीवाल्याला दिली. गिरणीवाल्यानं मला ठेवून घेतलं, पोती मोजायला. त्याला पुढच्या भागात जातं बसवायचं होतं, म्हणून तारा बदलायला त्यानं मुंबईहून एक वायरमन आणला. पन्नाशीचा, चष्मेवाला, कमी बोलणारा माणूस होता. इंजिन चालू करून तो एकेक जागा तपासत होता. त्याच्याकडं एक छोटा गोळा होता, त्याला दोन मोकळ्या तारा जोडलेल्या. मी शिडी धरून उभा होतो.

त्यानं मला डावं बटण बंद करायला सांगितलं. मी केलं. मग परत हात लावून बघितलं, झालंय ना. पुढचे गोळे विझले होते. शिडीवर चढून त्यानं आपल्या छोट्या गोळ्याची एक तार होल्डरला लावली, दुसरी लोखंडी खांबाला.

छोटा गोळा लागला. मंद, पण लागला.

तो वरूनच म्हणाला, "हे कुणी केलंय?"

"काय झालं?"

"बटण उलट्या तारेवर बसवलंय. वीज जिकडून येते ती तार तोडायची असते. यानं परत जाणारी तार तोडली आहे. दिवा विझतो, पण होल्डरमधली वीज जात नाही. यावर कुणाचा हात पडला नाही हे नशीब म्हणायचं."

नीट दिसावं म्हणून मी शिडीच्या बाजूला वाकलो, तसा तो म्हणाला, "अहो, धरा नीट."

"पुन्हा लावून दाखवा," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा लावला. मी तिसऱ्यांदा दाखवायला सांगितलं. मग तो खाली उतरला, माझ्या हाताकडं बघितलं, बोटांकडं बघितलं, आणि त्याला समजलं. तो जमिनीवर बसला आणि सगळं समजावून सांगितलं. येणारी तार नऊही गोळ्यांना मिळून छपराच्या कडेनं एकच गेली होती. ती तोडून दोन करायची तर वर चढून नवी तार ओढावी लागली असती, दोन दिवसांचं काम. परत जाणाऱ्या तारा मात्र पुढच्या भागाची वेगळी आणि मागच्या भागाची वेगळी अशा आधीच फळीपर्यंत आलेल्या होत्या. त्यांच्यावर बटणं ठोकली की झालं. अर्ध्या दिवसाचं काम.

त्या दिवशी मी पोती मोजली नाहीत. सरळ मालकांच्या घरी गेलो. ते आता थकले होते, माडीवर खाटेवर पडून असायचे. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"आता काय करायचं त्याचं?" ते म्हणाले. "झालं ते झालं. पोर होतं ते. घाबरलं होतं. माझ्यापुढं बसून रडलं."

"कधी रडलं?"

त्यांनी डोळे उघडले.

"कधी रडला त्यो, मालक?"

ते भिंतीकडं बघू लागले. मग म्हणाले, "तू बोरीला होतास तेव्हा."

म्हणजे त्यांनी मला खुर्ची दिली तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. मला खात्री आहे का, असं विचारलं तेव्हाही ठाऊक होतं. मी म्हणालो, "तुमी मला समद्यांच्या पुढं बोलायला लावलं."

"मी काय तुला मारून बोलायला लावलं?" ते एकदम उठून बसले. आवाज जुना निघाला. "'बरं' असं तूच म्हणालास. तुझ्या तोंडानं कबूल केलंस. आणि जन्मभर ठेवीन म्हणालो होतो, ठेवलं की नाही?"

मला खूप काही बोलायचं होतं. जिन्यावरून त्यांची सून पाण्याचा तांब्या घेऊन वर येत होती. मी जिना उतरलो.

घरी बायकोला सांगितलं. या खेपेला सगळं सांगितलं, खुर्चीसुद्धा. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत तिचे.

"म्हंजी तुमी बंद केलं व्हतं."

"हां."

"आन् मला म्हणला, आठवत न्हाई."

मी चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

"मालकानं तुमाला फसवलं. मला कुनी फसवलं?" ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. पुढं तिनं तो विषय काढला नाही, मीही नाही. कडी हलवून बघायची सवय मात्र तशीच राहिली. आता तिलाही ती सोडता येत नव्हती.

आठ दिवसांनी मी मंचरला गेलो. मशिदीच्या मागच्या गल्लीत चाचांच्या लेकीचं घर शोधलं. ते ओट्यावर बसले होते. डोळे पूर्ण गेले होते. मी बोललो तर आवाजावरून ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

मी त्यांना वायरमन सांगितला, छोटा गोळा सांगितला, तारा सांगितल्या. म्हणालो, "चाचा, तुमी खरं बोलला व्हता."

"ते मला म्हाईत हाय," ते म्हणाले.

"मला म्हाईत न्हवतं. तारेचं कुनालाच म्हाईत न्हवतं."

"तारंचं मला काय कळतंय? बत्ती इझलेली कळते. ती मला दिसली व्हती. तुला बी दिसली व्हती." त्यांनी चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेनं केला. "आज वायरवाल्यानं सांगितलं म्हनून तू आलास. त्यानं सांगितलं नसतं तर?"

लेकीनं चहा आणला. मी बशीत ओतून प्यायलो. त्यांनी नातवाला हाक मारून घोड्यांची, खोगिरांची काहीतरी गोष्ट अर्धवट राहिली होती ती पुढं सांगायला घेतली. मी तिथंच बसून ऐकत होतो. थोड्या वेळानं ते गोष्ट थांबवून म्हणाले, "मिस्त्री, नारायणगावची गाडी निघंल."

आठ-नऊ वर्षांनी कुणीतरी मला मिस्त्री म्हटलं होतं. त्यांनी ते प्रेमानं म्हटलं की टोचायला, हे मला त्या वेळी कळलं नाही आणि नंतर विचारायला ते राहिले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. निरोप उशिरा मिळाला, तरी दफनाच्या वेळेला मी पोचलो. सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. शेजारच्या एका माणसानं विचारलं, "पावणं, तुमी कोन त्यांचे?"

मी म्हणालो, "कोन न्हाई. एका ठिकाणी कामाला व्हतो."